शेती-बागायतीसाठी दगडपूड: गोव्यातील शेतकऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दगडपूड म्हणजे नेमके काय?

खडक फोडून, दळून केलेले पीठ म्हणजे दगडपूड. तिच्यावर कोणतीही रासायनिक प्रक्रिया केलेली नसते. खडकात जी खनिजे असतात तीच बारीक होऊन पुडीत उतरतात. रॉक फॉस्फेट, शेतीचा चुना, डोलोमाइट आणि जिप्सम हीसुद्धा दळलेली खनिजेच आहेत, पण त्यांतला मुख्य घटक ठरलेला असतो आणि त्यांच्या मात्रेच्या शिफारशी अनेक वर्षांपासून उपलब्ध आहेत. येथे ‘दगडपूड’ हा शब्द मुख्यतः बेसाल्ट, ग्रॅनाइट यांसारख्या सिलिकायुक्त खडकांच्या पुडीसाठी वापरला आहे.

गोव्यात दगडांना तोटा नाही. मग जमिनीला दगडपूड घालण्याची गरज का भासावी?

दगड भरपूर असले तरी त्यांतले सत्त्व बरेचसे धुऊन गेले आहे. गोव्याची बहुतांश जमीन जांभ्याची आहे. येथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याहूनही अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. लक्षावधी वर्षे पडणाऱ्या अशा पावसाने मूळ खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि सिलिकेचा मोठा भाग विरघळवून नदीवाटे समुद्रात नेला आणि मागे उरली ती लोह व अॅल्युमिनियमची ऑक्साइडे आणि केओलिन जातीची चिकणमाती. या मातीचा सामू (पीएच) आम्लाकडे झुकलेला असतो, अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची तिची ताकद कमी असते, आणि वरून घातलेला स्फुरद (फॉस्फरस) लोह-अॅल्युमिनियमला चिकटून पिकाच्या हातून निसटतो.

खडकाइतकाच पाऊसही मातीचा स्वभाव ठरवतो, हे पाहायचे असेल तर घाट चढून जावे. दख्खनच्या पठारावर कमी पावसाच्या भागात ज्या बेसाल्टपासून चुनखडीयुक्त काळी माती तयार झाली, त्याच बेसाल्टच्या माथ्यावर आंबोली-महाबळेश्वरच्या पावसात जांभा तयार झाला. ताज्या, न झिजलेल्या खडकाची पूड जांभ्याच्या जमिनीत मिसळणे म्हणजे पावसाने नेलेल्या खनिजांपैकी थोडी परत आणून ठेवणे होय. कल्पना योग्य आहे; ती किती प्रमाणात आणि किती वेगाने उपयोगी पडते, एवढाच वादाचा मुद्दा आहे.

म्हणजे दगडपूड हे खत आहे की नाही?

आपण ज्या अर्थाने ‘खत’ म्हणतो त्या अर्थाने नाही. बेसाल्टमध्ये नत्र (नायट्रोजन) जवळजवळ नसतेच. स्फुरद फार तर पाव टक्क्याच्या आसपास असतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पालाश (पोटॅश) सर्वसाधारणपणे एक टक्क्याहून कमी भरते. कॅल्शियम ऑक्साइड सुमारे १० टक्के आणि मॅग्नेशियम ऑक्साइड ५ ते ७ टक्के, हीच त्याची खरी जमेची बाजू आहे. त्याखेरीज लोह, मँगनीज, तांबे, जस्त यांचे अंश आणि पिकाला घेता येईल अशी सिलिका असते.

एक हिशेब करून पाहू. नारळाच्या एका मोठ्या माडाला वर्षाला १,२०० ग्रॅम पालाश द्यावे, अशी प्रचलित शिफारस आहे. पुडीत पालाश ०.४ टक्के धरले, तर तेवढे पालाश ३०० किलो पुडीत असेल, आणि तेही त्यातला कण न् कण एका वर्षात विरघळला तर. तेच पालाश दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये मिळते. यावरून ‘दगडपूड घातली, आता दुसरे काही नको’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याचे म्हणणे किती मनावर घ्यावे, ते आपले आपण ठरवावे.

दगडपुडीकडे जमीन सुधारक म्हणून पाहावे: ती आम्लता हळूहळू कमी करते, मॅग्नेशियम-कॅल्शियमचा साठा वाढवते आणि भातासारख्या पिकाला सिलिका पुरवते. नत्र आणि पालाश यांची सोय वेगळी करावीच लागते.

दगड मातीत विरघळतो तो कसा?

पावसाच्या पाण्यात आणि मुळांच्या श्वासोच्छ्वासातून मातीत साठलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो. तो पाण्यात मिसळून सौम्य आम्ल तयार होते आणि हे आम्ल खनिजांच्या पृष्ठभागावरून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम सोडवून घेते. मुळे, बुरशी आणि जीवाणू आपापली सेंद्रिय आम्ले सोडून या कामाचा वेग वाढवतात. उष्ण, दमट आणि आम्ल जमिनीत हे काम थंड प्रदेशापेक्षा पुष्कळ लवकर होते, त्यामुळे या बाबतीत गोव्याचे हवामान अनुकूल आहे.

मात्र सगळी खनिजे सारख्या वेगाने झिजत नाहीत. ऑलिव्हिन आणि कॅल्शियमयुक्त फेल्डस्पार आधी, पायरोक्सिन त्यांच्या मागोमाग, पोटॅशियमयुक्त फेल्डस्पार फार उशिरा आणि क्वार्ट्झ जवळजवळ कधीच नाही, असा हा क्रम आहे. भूशास्त्रज्ञ गोल्डिच यांनी १९३८ मध्ये तो मांडला आणि आजही तो ग्राह्य आहे. कोणता दगड घ्यावा याचे निम्मे उत्तर या क्रमातच आहे.

मग कोणत्या खडकाची पूड घ्यावी?

जांभ्याच्या जमिनीसाठी बेसाल्ट किंवा त्याच्या जातीचा डोलेराइट, गॅब्रो यांसारखा काळा, जड खडक. त्यात लवकर झिजणारी खनिजे जास्त आणि क्वार्ट्झ नगण्य असते.

ग्रॅनाइटमध्ये पालाश ४ ते ५ टक्के असते, त्यामुळे कागदावर तो अधिक आकर्षक दिसतो. पण हे पालाश मुख्यतः पोटॅशियम फेल्डस्पारमध्ये कोंडलेले असते आणि ते सुटायला आपल्या हयातीपेक्षा जास्त काळ लागतो. शिवाय ग्रॅनाइटचा पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग क्वार्ट्झचा, म्हणजे शेताच्या दृष्टीने निव्वळ वाळूचा असतो, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. काळ्या अभ्रकाचे प्रमाण जास्त असलेला ग्रॅनाइट थोडा बरा, कारण अभ्रकातले पालाश तुलनेने लवकर सुटते.

गोव्यापुरते आणखी एक सांगणे आवश्यक आहे. दख्खनचा बेसाल्ट गोव्यात फक्त ईशान्येला, सत्तरीच्या घाटाकडच्या कडेला लागतो. राज्याच्या उरलेल्या भागात मुख्यतः धारवाड या अतिप्राचीन काळातले रूपांतरित खडक आहेत; दक्षिणेत काणकोण आणि पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगराकडे ग्रॅनाइट सापडतो. त्यामुळे क्रशरवर ‘काळा दगड’ म्हणून जो मिळतो तो बेसाल्टच असेल असे नाही. तो पूर्वीच्या लाव्हाचा रूपांतरित, हिरवट झाकेचा खडक असू शकतो, आणि तो कामाचा असतो. किंवा ग्रेवॅक नावाचा, वाळू-गाळापासून झालेला करडा खडक असू शकतो, ज्यात क्वार्ट्झ भरपूर असते आणि ज्याचा शेताला उपयोग बेताचाच असतो. दोन्ही खडी म्हणून उत्तम असतात, म्हणून क्रशरवाल्याला हा फरक ठाऊक असण्याचे कारण नाही.

बोंडला-उसगाव परिसरात मॅग्नेशियमने समृद्ध असे अतिअल्पसिलिक खडकही आहेत. ते झिजायला सर्वांत सोपे असतात, पण त्यांत निकेल आणि क्रोमियम जास्त असण्याचा संभव असतो, म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल हाती नसताना अशा खडकाची पूड भाजी किंवा भात पिकणाऱ्या जमिनीत घालू नये.

चांगल्या पुडीसाठी एखादा मान्य निकष आहे का?

ब्राझीलने २०१३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दगडपुडीला शेतीतील वेगळा वर्ग म्हणून मान्यता दिली आणि २०१६ मध्ये तिचे निकष ठरवले. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांच्या ऑक्साइडांची बेरीज किमान ९ टक्के, त्यात पोटॅशियमचे ऑक्साइड किमान १ टक्का, आणि क्वार्ट्झसारखी मोकळी सिलिका २५ टक्क्यांहून अधिक नसावी, असे हे निकष आहेत. शिशासाठी २०० आणि आर्सेनिकसाठी १५ भाग प्रति दशलक्ष अशा कमाल मर्यादाही त्यांत आहेत. ब्राझीलच्या जमिनीही आपल्यासारख्याच झिजलेल्या, लाल आणि आम्ल आहेत, त्यामुळे मोजपट्टी म्हणून हे आकडे आपल्याला उपयोगी पडतात. पालाश एक टक्क्याहून कमी असलेला दख्खनचा बेसाल्ट मात्र या पट्टीवर पालाशाच्या कलमात अडू शकतो. तो पालाशासाठी घ्यायचाच नसल्यामुळे मला ती त्रुटी मोठी वाटत नाही.

पूड ट्रकभर घ्यायची असेल तर आधी एक्सआरएफ (क्ष-किरणांनी घटक मोजण्याच्या) पद्धतीने तिचे रासायनिक पृथक्करण करून घ्यावे. त्यासाठी लागणारा खर्च चुकीच्या दगडाच्या वाहतुकीपेक्षा कमीच असतो.

क्रशरवर साचलेली भुकटी थेट शेतात टाकता येईल का?

टाकता येते, पण सरसकट नाही. क्रशरच्या भुकटीतला बराचसा भाग जाड कचाचा असतो, आणि जाड कच शेतात रेतीसारखा पडून राहतो. एक ग्रॅम बेसाल्टचे एक मिलिमीटरचे कण केले तर त्यांचे एकूण पृष्ठफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर भरते, ०.१ मिलिमीटरचे केले तर २००, आणि ०.०१ मिलिमीटरचे केले तर २,०००. झीज पृष्ठभागावरच होत असल्यामुळे दगड कोणता याच्या खालोखाल तो किती बारीक आहे याला महत्त्व आहे. निम्म्याहून अधिक पूड ७५ मायक्रॉनच्या, म्हणजे २०० मेशच्या चाळणीतून गेली पाहिजे, असे धरून चालावे.

चाळणी नसेल तर घरी एक साधी परीक्षा करता येते. काचेच्या उभ्या बरणीत चार बोटे रिकामी सोडून पाणी घ्यावे, त्यात दोन चमचे पूड टाकून झाकण लावावे, जोरात हलवावे आणि बरणी ओट्यावर ठेवून घड्याळाकडे पाहावे. दहा सेंटिमीटर पाण्यातून पहिल्या वीसेक सेकंदांत जे तळाशी बसते ते ढोबळमानाने ७५ मायक्रॉनपेक्षा जाड असते. त्यानंतर पाण्यात राखाडी गढूळपणा टिकून राहिला आणि पुढच्या काही मिनिटांत त्याचा मऊ, दाट थर बसला, तर पुडीत उपयोगाचा बारीक भाग बऱ्यापैकी आहे. पाणी तांबूस झाले आणि तासन् तास तसेच राहिले, तर खाणीवरची जांभ्याची माती त्यात मिसळली आहे आणि आपण आपल्याच शेतातली माती विकत घेत आहोत, असे समजावे.

त्याच पुडीच्या चिमटीवर माडाच्या सुरेच्या व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. भरभरून फेस आला तर ती चुनखडीची पूड आहे. बेसाल्टला असा फेस येत नाही. चुनखडी वाईट नसते, पण तिची मात्रा वेगळी असते.

डांबर मिसळण्याच्या हॉट मिक्स प्लांटजवळची भुकटी मात्र कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये.

लोहखनिजाच्या खाणीवरची माती किंवा गाळ खनिजयुक्त असतो, असे म्हणतात. तो चालेल का?

नाही. डिचोली, सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा या तालुक्यांतल्या डंपांवरची माती पावसात वाहून भातशेतीत आली की काय होते, हे तेथील शेतकऱ्यांना नव्याने सांगायला नको. त्या मातीत लोहाची ऑक्साइडे, केओलिन आणि क्वार्ट्झ असते, म्हणजे लक्षावधी वर्षांच्या पावसाने सत्त्व काढून घेतल्यावर जे उरते तेच. तिच्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नावालाच असते, ती मातीची छिद्रे बुजवते, सुकली की कवच धरते आणि आधीच लोहाने भरलेल्या जमिनीत लोहाची भर घालते. पाणी साचलेल्या आम्ल भातखाचरात विद्राव्य लोह वाढले की रोपांची पाने तांबूस-तपकिरी होऊन करपतात आणि वाढ खुंटते. ‘खनिज’ या शब्दाने फसू नये.

चिऱ्याच्या खाणीवरची भुकटी तरी?

तीही नको, कारण तेच.

फरशी कापण्याच्या कारखान्यातली संगमरवर-ग्रॅनाइटची स्लरी फुकट मिळते. ती वापरावी का?

स्लरी अतिशय बारीक असते, ही तिची मोठी सोय आहे. केवळ संगमरवर कापणाऱ्या ठिकाणची स्लरी ही प्रत्यक्षात कॅल्शियम किंवा डोलोमाइटी कार्बोनेटच असते आणि आम्ल जमिनीत चुन्यासारखी चालते. मात्र बहुतेक ठिकाणी संगमरवर, ग्रॅनाइट आणि कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्या एकाच यंत्रावर कापल्या जातात, त्यामुळे स्लरीत राळ, पॉलिशची द्रव्ये आणि करवतीच्या पात्याचा धातू मिसळलेला असू शकतो. पृथक्करण न करता खाण्याच्या पिकाला ती घालू नये. सुकलेली स्लरी उडते तेव्हा तिची धूळ विशेष धोकादायक असते.

शेतीचा चुना किंवा डोलोमाइट स्वस्त मिळत असताना दगडपूड कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. केवळ आम्लता कमी करायची असेल, आणि ती याच हंगामात करायची असेल, तर चुना किंवा डोलोमाइटच घ्यावे. माडाच्या जुन्या झावळ्या कडेकडून पिवळ्या पडत असतील आणि मॅग्नेशियमची कमतरता असल्याचे निदान झाले असेल, तर माडामागे वर्षाला अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट देणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. बेसाल्टची पूड यांपैकी कोणतेच काम तितक्या झटपट करत नाही.

पुडीचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. चुना मुसळधार पावसात काही वर्षांत संपतो, पुडीतला साठा त्यापेक्षा अधिक काळ पुरतो. दुसरी गोष्ट सिलिकेची. भात हे सिलिका ओढून घेणारे पीक आहे. एका हंगामात हेक्टरी शेकडो किलो सिलिकॉन ते जमिनीतून उचलते, आणि पेंढा शेताबाहेर गेला की तेही जाते. सिलिका पुरेशी मिळालेले भाताचे पान ताठ राहते, त्याच्या पेशींची भिंत कणखर होते आणि करपा रोगाला व खोडकिडीला ते अधिक तोंड देऊ शकते. जांभ्याच्या जमिनीतून सिलिकाही धुपून गेलेली असल्याने येथे तिचा प्रतिसाद मिळण्याची शक्यता अधिक असते. सुटलेली सिलिका लोह-अॅल्युमिनियमच्या कणांवर स्फुरदाची जागा अडवते आणि त्यामुळे थोडा स्फुरद मोकळा राहतो, हा जोडफायदा. पेंढा आणि तूस शेतातच परत घातले तर यांतले बरेच काही विनामूल्य साधते, हेही येथेच सांगितले पाहिजे.

उत्पादन खरोखर वाढते, याला काही पुरावा आहे का?

आहे, पण तो मात्रेसकट वाचायला हवा. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात मका-सोयाबीनच्या शेतात चार वर्षे दरवर्षी हेक्टरी ५० टन बेसाल्टची पूड घातल्यावर उत्पादन १२ ते १६ टक्के वाढल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. मॉरिशसमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यात उसाच्या झिजलेल्या जमिनींवर बेसाल्टच्या पुडीचे प्रयोग झाले आणि तेथेही वाढ दिसली ती फार मोठ्या मात्रांना. हेक्टरी ५० टन म्हणजे दर चौरस मीटरला पाच किलो. गोव्यातल्या बांधाबांधांच्या चिंचोळ्या कुणग्यांत (भातखाचरांत) एवढी पूड डोक्यावरून वाहून नेणार कोण, आणि तिची मजुरी परवडणार कशी? पुस्तकातला आकडा आपल्या शेतातल्या मात्रेशी ताडून मगच अपेक्षा ठेवावी.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत यूलियस हेन्सेल यांनी दगडपुडीचा जोरदार पुरस्कार केला, तेव्हापासून तिचे भक्त आणि टीकाकार दोघेही तितक्याच तावातावाने बोलत आले आहेत. दोघांच्याही बोलण्यात दगडाचे नाव, कणांचा आकार आणि जमिनीचा सामू यांचा उल्लेख फार कमी वेळा येतो, असे माझे निरीक्षण आहे.

किती घालावी, केव्हा घालावी आणि कशी?

सुरुवातीला दर चौरस मीटरला अर्धा किलो, म्हणजे हेक्टरी पाच टन, ही पेलण्याजोगी मात्रा आहे. एका गुंठ्याला ती सुमारे ५० किलो होते. माडाच्या बुंध्याभोवती १.८ मीटर त्रिज्येचे आळे धरले तर त्याला पाच किलो पुरेत. पोफळीला एक ते दोन किलो, कुंडीला मूठभर. परसातल्या भाजीच्या वाफ्याला मात्रा थोडी वाढवली तरी अपाय होत नाही.

भातशेतीत पूड नांगरणीच्या वेळी, पहिल्या पावसाने माती ओली झाल्यावर पसरावी आणि चिखलणीत मिसळून टाकावी. मे महिन्यात कोरड्या, उघड्या उतारावर पसरून ठेवलेली पूड पहिल्या वळवाच्या सरीत ओहोळात जाते आणि आपले सगळे श्रम शेजाऱ्याच्या शेताला लाभतात. कुळागरात (पोफळीच्या मिश्र बागेत) आणि माडांच्या भाटात पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आळी करून खताबरोबर द्यावी. तेव्हा ओल असते आणि धूप नसते. काजूच्या उतारावरच्या बागेत झाडाच्या वरच्या अंगाला अर्धचंद्राकृती चर काढून त्यात पालापाचोळ्यासह पुरावी.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे पूड आधी शेणखताच्या किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात घालणे. दर टोपलीभर शेण-पाल्याच्या थरावर एकदोन मुठी पूड भुरभुरावी, पाणी शिंपडावे आणि दोन-तीन महिने कुजू द्यावे. कुजण्यातून निघणारी आम्ले आणि कार्बन डायऑक्साइड तिथेच कामाला लागतात, धूळ उडत नाही आणि पूड शेतात सारखी पसरते. पालाश मोकळे करणारे जीवाणू, म्हणजे बाजारात केएमबी नावाने मिळणारे जिवाणूखत, याच खड्ड्यात मिसळता येते. सेंद्रिय कर्ब नसलेल्या उघड्या जमिनीत नुसती पूड घालण्याला मी फारसा अर्थ मानत नाही.

खाजन जमिनीत दगडपुडीचा उपयोग होईल का?

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, पहिला प्रश्न खाऱ्या पाण्याचा असतो आणि तो बांध आणि मानस (पाणी अडवण्या-सोडण्याचे दार) धड असण्यावर अवलंबून असतो. पुडीने मीठ कमी होत नाही. भरतीबरोबर येणारा गाळ खाजनाला नवी खनिजे देतच असतो. खर्च करायचाच असेल तर तो तेथे बांधाच्या डागडुजीवर करावा. सत्तरीत म्हादईच्या काठी गाळावर होणाऱ्या पुरण शेतीलाही हेच लागू आहे, कारण नदी घाटावरून आणते तो ताजा गाळ म्हणजे निसर्गाने दळलेली दगडपूडच आहे. पुडीची खरी गरज मोरड (उंचावरच्या) जमिनीला, जांभ्याच्या उतारांवरच्या बागांना आणि भरड, रेताड खेर जमिनीला असते.

आरोग्याला धोका आहे का?

खडक दळताना आणि पूड हाताळताना उडणारी बारीक धूळ श्वासातून आत गेली तर धोका आहे, आणि क्वार्ट्झ असलेल्या दगडाच्या बाबतीत तो गंभीर आहे. क्वार्ट्झची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही आणि त्याच्या रुग्णाला क्षयरोगाचा धोका वाढतो. दगडखाणीत आणि क्रशरवर राबणाऱ्या मजुरांना हा आजार होतो तो याच धुळीने. शेतकऱ्याचा संबंध वर्षातून एकदोन दिवसांचाच येतो, तरीही पूड पोत्यातून ओतण्यापूर्वी ओलसर करावी, वारा असताना पसरू नये, एन-९५ मास्क लावावा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. तोंडाला गुंडाळलेला पंचा या धुळीला अडवत नाही.

सेंद्रिय प्रमाणपत्र घेतलेल्या शेतात पूड चालते का?

प्रक्रिया न केलेली नैसर्गिक दगडपूड सेंद्रिय शेतीच्या तत्त्वांत बसते, परंतु घालण्यापूर्वी प्रमाणन संस्थेला पुडीचा उगम आणि पृथक्करणाचा अहवाल दाखवून लेखी संमती घ्यावी. पिशवीवर ‘खत’ असे छापून विकल्या जाणाऱ्या मालाला खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. अशा पिशवीवर घटकांची टक्केवारी आणि उत्पादकाचे नाव नसेल तर ती न घेणे बरे.

दगडपूड घातली की कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतात, हे खरे का?

झिजताना बेसाल्ट हवेतला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपात बांधून घेतो आणि तो शेवटी समुद्रात जाऊन दीर्घकाळ तेथेच राहतो, यावर या योजना उभ्या आहेत. एक टन बेसाल्ट पूर्ण झिजला तर सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ०.३ टन कार्बन डायऑक्साइड बांधला जाऊ शकतो. भारतातल्या लहान शेतकऱ्यांच्या शेतांत बेसाल्टची पूड घालून हे काम करणाऱ्या ‘माटी कार्बन’ला २०२५ मध्ये कार्बन रिमूव्हलच्या एक्सप्राइझ स्पर्धेचे पाच कोटी डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले, त्यामुळे या विषयाची चर्चा वाढली आहे.

परंतु क्रेडिट मिळते ते पूड टाकल्याबद्दल नव्हे, तर किती झीज झाली हे मोजून सिद्ध केल्याबद्दल, आणि हे मोजमाप एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. फार आम्ल जमिनीत किंवा युरियासारखे खत भरपूर घातलेल्या जमिनीत झिजेचा काही भाग इतर आम्लेच खाऊन टाकतात आणि तेवढा कार्बन बांधला जात नाही. पूड फुकट देऊन क्रेडिट घेऊ पाहणारी संस्था आली, तर दगडाचा अहवाल मागावा, किती वर्षांचा करार आहे आणि जमिनीवर काय बंधन येते ते वाचावे, आणि मगच सही करावी.

पूड लागू पडली की नाही, हे कसे कळणार?

पूड घालण्यापूर्वी मातीचा नमुना घ्यावा. भातशेतीत पाच-सहा ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोल इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे खड्डे काढून त्यांची माती एकत्र करावी आणि अर्धा किलो नमुना तपासणीला द्यावा. मृदा आरोग्य पत्रिकेसाठीची तपासणी कृषी खात्यामार्फत होते. जुने गोवे येथे एला परिसरात केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे आणि तेथील कृषी विज्ञान केंद्रातही सल्ला मिळतो. सामू, सेंद्रिय कर्ब, पालाश यांच्याबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही तपासून मागावे. सामू ६.५ च्या वर असेल तर पुडीच्या फंदात न पडलेले बरे.

त्यानंतर सारख्या मातीचे, सारख्या पाण्याचे दोन शेजारी कुणगे निवडावेत. एकात पूड आणि शेणखत, दुसऱ्यात तेवढेच शेणखत पण पूड नाही. बियाणे, लावणीची तारीख, वरखत सगळे सारखे ठेवावे. कापणीला दोन्हीकडचे भात वेगवेगळे झोडून, सुकवून वजन करावे आणि वहीत लिहून ठेवावे. पहिल्या वर्षी फरक दिसला नाही तर आश्चर्य वाटू देऊ नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा पूड न घालता त्याच कुणग्यांचे वजन घेत राहावे. माडाच्या बाबतीत नारळ धरण्यापासून उतरवण्यापर्यंतच वर्ष जाते, त्यामुळे तेथे तीन वर्षांच्या आत मत बनवू नये. तिसऱ्या वर्षी मातीचा नमुना पुन्हा तपासावा, आणि सामू व मॅग्नेशियम वर सरकले असेल तरच पुढची पोती मागवावीत.